बंद संगणकामागचा दिवा

(लाखांदूर येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय विचारायला व्याख्यानमालेची पोरं नागपूरला घरी आली, तेव्हा मी म्हटलं, "कचेऱ्यांमधल्या डेस्कटॉप संगणकांचं दुरून व्यवस्थापन." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण धीर करून म्हणाला, "सर, रोवणी आटोपून माणसं येतात. दमलेली असतात. थोडकं नाव सांगा ना जी." मग म्हटलं, बोर्डावर लिहा, 'बंद संगणकामागचा दिवा'. तो दिवा कोणता, हे सांगण्यातच आजची संध्याकाळ जायची आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्या गुरुजींनी मला सातवी ते दहावी गणित शिकवलं. त्यांच्यावर बोलायला माझ्याहून लायक माणसं इथे बसली आहेत. मी त्यांची फक्त एक वही आठवणार आहे, आणि तीही बऱ्याच उशिरा.

मी जन्मभर संगणक दुरुस्त केले. नागपूरच्या एका कंपनीत होतो. वार्षिक देखभालीचं कंत्राट, ज्याला आम्ही एएमसी म्हणतो, त्यावर भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा पट्टा माझ्याकडे. पाठीवर बॅग. बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, एक जास्तीची रॅम, एक एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आणि एक खोडरबर. खोडरबर कशाला, असं नवा पोरगा विचारायचा. रॅमच्या पितळी रंगाच्या पट्ट्यांवर दमट हवेने मळ धरतो, तो घासायला. निम्मे 'मेलेले' संगणक मी त्या दोन रुपयांच्या खोडरबराने उठवलेत. इंजिनिअर म्हणून मान मिळायचा तो वेगळा.

२०१२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याच तालुक्यातली एक बँक शाखा. नाव सांगत नाही. आदल्या दिवशी कॉल आला की मुख्य काउंटरचा संगणक सुरूच होत नाही. पहाटेची एसटी धरली. नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर, तिथून लाखांदूर आणखी साठ-सत्तर. रस्त्यात पाणी, बस एकदा थांबली, शाखेत पोचायला दुपार झाली. बाहेर बाकावर माणसं पीककर्जाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसलेली. आत पडद्यावर काळ्या रंगात पांढरी इंग्रजी ओळ: ही सिस्टिमची डिस्क नाही, डिस्क बदला आणि कळ दाबा. मी टेबलाखाली वाकलो. जाळी-जळमटांतून संगणकाच्या मागे हात घातला तर बोटाला पेन ड्राइव्ह लागला. कुणीतरी लग्नाचे फोटो दाखवायला लावला होता, तो तसाच राहिला. संगणक सकाळी उठून आधी त्यात विंडोज शोधत होता, आणि तिथे होता नवरदेवाचा घोडा. पेन ड्राइव्ह काढला, कळ दाबली. झालं. कॉल रिपोर्टवर सही-शिक्का घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत. बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "एवढंच होतं का जी?" मी काहीतरी तांत्रिक बोललो. खरं सांगायची लाज वाटली.

लाज दुहेरी होती, आणि तिचं दुसरं कारण बाबांना सांगून उपयोग नव्हता. त्या संगणकाच्या पुढच्या बाजूला एक छोटं चिकटपत्र होतं: व्ही-प्रो. असली चिकटपत्रं मी रोज बघायचो, खेळण्यावरच्या स्टिकरसारखी. त्याचा अर्थ असा होता की या संगणकाच्या पोटात आणखी एक छोटा संगणक आहे, आणि मोठा अडखळून पडला तरी छोटा जागा असतो. त्या छोट्याला कुणी कामाला लावलं असतं, तर मी नागपुरात खुर्चीवर बसून तीच पांढरी ओळ वाचली असती, "पेन ड्राइव्हकडे जाऊ नकोस, हार्ड डिस्कवरून सुरू हो" असं सांगितलं असतं, आणि बाबा दहा वाजून पाच मिनिटांनी घरी निघाले असते. बँकेने त्या सोयीचे पैसे संगणक घेतानाच मोजले होते. वापरायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात मीही आलो.

आता थोडं मागे जातो. आपल्यापैकी ज्यांनी नव्वदीच्या दशकात संगणक पाहिला असेल, त्यांना त्याचा खटका आठवत असेल. दणकट, दाबला की 'खट्' वाजणारा. तो थेट विजेची तार तोडायचा. विंडोज ९५ बंद केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, 'आता संगणक बंद करायला हरकत नाही', आणि मग माणसाने उठून खटका दाबायचा. शेवटचा शब्द माणसाचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. त्यात पुढचं बटण म्हणजे नुसती विनंती झाली. बटण दाबलं की मदरबोर्डला निरोप जातो, बोर्ड एसएमपीएसला सांगतो, आणि मग मोठा प्रवाह चालू किंवा बंद होतो. पण निरोप ऐकायला कुणीतरी जागं हवं. म्हणून एसएमपीएसमधून एका जांभळ्या तारेने पाच व्होल्ट कायम वाहत ठेवले. प्लग लावलेला आहे तोवर. संगणक 'बंद' असला तरी.

घरी गेल्यावर बघा. कचेरीतला, शाळेतला, कुठलाही डेस्कटॉप, लॅनची तार लावलेला आणि बंद केलेला. रात्री खोलीतला दिवा मालवा आणि मागे वाकून पाहा. तार जिथे खोचली आहे तिथे बऱ्याचदा हिरवा किंवा पिवळा ठिपका लुकलुकताना दिसेल. माझ्या नातीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "आबा, हा झोपेत डोळे उघडे ठेवतो का?" बत्तीस वर्षं मी ज्या धंद्यात काढली, त्याची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडली नाही.

त्या ठिपक्याचा पहिला उपयोग साधा होता. झोपलेल्या संगणकाला दुरून हाक मारून उठवायचं. नव्वदीच्याच मध्यावर एएमडी आणि एचपी यांनी मिळून त्या हाकेचा नमुना ठरवला, आणि पुढे आयबीएम, इंटेल यांनी ती सोय बाजारात रुजवली. वेक-ऑन-लॅन म्हणतात तिला. प्रत्येक लॅन कार्डाला कारखान्यातून सहा बाइटचा एक क्रमांक मिळालेला असतो, त्याचं जन्मनाव म्हणा. हाक अशी असते: आधी सहा बाइट नुसता ठणाणा, मग तेच जन्मनाव सोळा वेळा. सहा सोळे शहाण्णव, आणि आधीचे सहा, एकूण १०२ बाइट. गुरुजींना हे गणित आवडलं असतं. चुलबंद नदीच्या पलीकडच्या थडीवर असलेल्या माणसाला आपण एकदा हाक मारून थांबतो का? नाव घेऊन घेऊन बोलावतो. वाऱ्यात एखादी हाक विरली तरी नाव ओळखू यावं, म्हणून. कार्ड झोपेत येणाऱ्या-जाणाऱ्या गोंगाटात स्वतःचं नाव सोळा वेळा ओळीने ऐकलं की बोर्डाला ढोसतं, बोर्ड एसएमपीएसला, आणि संगणक उठतो.

पण उठवणं वेगळं आणि उठलेल्याकडून काम करून घेणं वेगळं. इथे मला एक फरक नीट सांगायचा आहे, कारण सेतू केंद्रात बसणारी बरीच पोरं इथे दिसताहेत आणि ती म्हणतील, दुरून संगणक चालवणं आम्ही रोजच करतो, एनीडेस्क आहे ना! आकडा सांगितला की नागपूरचा माणूस आपला माउस हलवतो. बरोबर. पण एनीडेस्क विंडोजच्या आत राहतं. विंडोजच उभं राहिलं नाही तर?

आपल्याकडे भाऊबीजेपासून मंडई सुरू होते आणि रात्रभर नाटक चालतं. समोर नट. विंगेत प्रॉम्प्टर, झाडीपट्टीच्या नाटकाचा निम्मा जीव त्याच्या घशात. आणि त्याच्याही मागे पडद्याची दोरी धरून बसलेला एक माणूस, ज्याचं नाव हँडबिलात येत नाही. विंडोज म्हणजे नट. एनीडेस्क म्हणजे प्रॉम्प्टर. नट पायांवर उभा आहे, त्याचे कान शाबूत आहेत, तोवर तो कमाल करतो. पण नटाला भोवळ येऊन तो आडवा झाला तर प्रॉम्प्टरने घसा फोडून काय उपयोग? तेव्हा दोरीवाला पडदा पाडतो, आडवा झालेला उचलला जातो, दुसरा उभा राहतो, पडदा पुन्हा वर. दोरीवाल्याचा नटाच्या शुद्धीशी संबंधच नाही. मी ज्या सोयीबद्दल बोलतोय, ती दोरीवाल्याची आहे.

मोठ्या सर्व्हरांना असा दोरीवाला आधीच मिळाला होता. १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी मिळून त्यासाठी आयपीएमआय नावाचा दंडक ठरवला. टेबलावरच्या कचेरीच्या संगणकाला असा दोरीवाला २००६ मध्ये व्ही-प्रो नावाने आला. त्यातल्या दुरून चालवायच्या भागाला एएमटी म्हणतात. एएमडीच्या संगणकांत त्याच कामासाठी डॅश नावाचा खुला दंडक आहे, पण आपल्याकडच्या कचेऱ्यांत मला ती मंडळी क्वचितच भेटली, म्हणून इंटेलचंच बोलतो. चिपसेटच्या आत एक स्वतंत्र छोटा प्रोसेसर, त्याची स्वतःची छोटी प्रणाली. लॅनची तार तीच वापरतो, पण त्याच्यासाठी आलेली पत्रं तो विंडोजपर्यंत पोचूच देत नाही. १६९९२ नंबरच्या दारावर स्वतः उभा राहून घेतो. त्याला सांगून संगणक चालू-बंद करता येतो, आत काय काय बसवलंय याची यादी मागता येते, कशावरून सुरू व्हायचं ते ठरवता येतं. नागपुरातल्या डिस्कची प्रत इथल्या संगणकाला 'ही तुझीच डिस्क' म्हणून दाखवता येते. आणि २०१० पासून अख्खा पडदा बघता येतो, बायोसच्या निळ्या पानासकट.

हे सगळं कळल्यावर मी चेकाळलो. नव्या नवलाईत आमच्या एका ग्राहकाला पटवलं, दहा संगणक असे तयार केले, आणि ठरवलं की रात्री अकराला सगळे दुरून उठवायचे, अपडेट द्यायचे, पुन्हा झोपवायचे. सकाळी कुणाला पत्ताही लागणार नाही. रात्री अकराला हाका मारल्या. दहापैकी तीन उठले. सात जणांचं उत्तर नाही. तास-दीड तास मी सेटिंग तपासत बसलो. सकाळी पहिली गाडी धरून गेलो तर शिपाईदादा शटर उघडत होते. शटर वर गेलं, ते आत शिरले, आणि त्यांनी सगळ्यात आधी भिंतीवरचा मेन स्विच वर केला.

रोज संध्याकाळी जाताना ते तो पाडत. तीन संगणक वेगळ्या लाइनीवर होते, ते वाचले. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, का हो बंद करता? ते शांतपणे म्हणाले, "मागच्या साली इज पडली साहेब. मोडेम जरला, दोन कंपुटर जरले. तवा कोन आलता?" मी गप्प. आलो मीच होतो, पण चार दिवसांनी.

मंडळी, दूर देशात ज्यांनी ही सोय घडवली त्यांनी गृहीत धरलं होतं की प्लग कधी निघत नाही. मे-जूनमधल्या लाखांदूरच्या आभाळाखाली प्लग काढणारा माणूस शहाणा असतो. त्याला अडाणी म्हणणारे इंजिनिअर मी बघितलेत. चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांचा खर्च कोटेशनमधून काढून टाकणारेही बहुधा तेच असतात. आम्ही पुढे अर्थिंगचा खड्डा नीट केला, लॅनच्या तारेलाही संरक्षक लावला, आणि मग शिपाईदादांना विनंती केली. त्यांनी एक पावसाळा मेन चालू ठेवून पाहिला, तेव्हा कुठे विश्वास बसला. दहापैकी नऊ उठायला लागले. दहाव्याची तार उंदराने खाल्ली होती. त्यावर अजून कुठल्या कंपनीकडे इलाज नाही.

आणि 'लिंक नाही, उद्या या' हा बँकेतला जो मंत्र आहे, त्यावरही नाही. जेसीबीने रस्ता खोदताना केबल तोडली, तर दोरीवाला आत जागा आहे पण त्याच्यापर्यंत आवाजच जात नाही. त्याचा रस्ता तोच आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत.

तरीही या सोयीची खरी किंमत जगाला कळली ती १९ जुलै २०२४ ला, शुक्रवारी. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांच्या विंडोज संगणकांवर बसवलेलं असतं. त्या सकाळी आपल्या घड्याळाने ९ वाजून ३९ मिनिटांनी त्यांनी एक सदोष फाइल सगळीकडे पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत जे संगणक जागे होते आणि ज्यांनी ती गिळली, ते निळ्या पडद्यावर कोसळले. उठायचे, पुन्हा कोसळायचे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली.

उपाय पोरखेळ होता: सेफ मोडमध्ये जा, अमुक नावाची फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. पण विंडोज उभंच राहत नाही म्हटल्यावर दुरून मदत करणारी विंडोजमधली सगळी साधनं आडवी. प्रॉम्प्टर ओरडतोय, नट पडलाय. म्हणजे प्रत्येक संगणकापाशी माणूस पाठवा. डिस्कला कुलूप घातलेलं असेल तर आणखी ४८ अंकांची किल्ली टाइप करा. फोनवर एकाने ४८ आकडे वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे, सत्ताविसावा चुकला की पहिल्यापासून. ज्या कचेऱ्यांनी दोरीवाला कामाला लावून ठेवला होता, त्यांचे तंत्रज्ञ खुर्चीत बसून एकेक पडदा उघडत गेले आणि फाइल पुसत गेले. बाकीचे जिने चढत होते. माझा एक जुना सहकारी पुण्यात त्या दिवशी जिने चढणाऱ्यांत होता. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "दादा, तुझ्या त्या पेन ड्राइव्हची फार आठवण आली रे."

इथवर ऐकून वाटेल की मी या चिपचा एजंट आहे. आता दुसरी बाजू.

आपण वैनगंगेच्या काठचे लोक आहोत. वर गोसीखुर्दला धरणाचे ३३ दरवाजे. कुणीतरी एक कळ दाबतो आणि आपल्या बांध्यांमध्ये पाणी येतं किंवा येत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर कुणी विसरलेलं नाही. वर मध्य प्रदेशात पाऊस, आणि इथे घरात कंबरभर पाणी. दुरून चालणाऱ्या गोष्टीचा गुण आणि भीती आपल्याइतकी कुणाला माहीत? दरवाजा हवाच आहे. कळ कुणाच्या हातात आहे, आणि ती दाबण्याआधी खालच्यांना सांगावा येतो का, एवढंच आपण विचारतो.

१ मे २०१७ ला इंटेलला जाहीर करावं लागलं की एएमटीच्या दारात एक भोक आहे. कसलं भोक, ते ऐका, कारण असली चूक गुरुजींनी आठवीतही खपवून घेतली नसती. दारावरचा पहारेकरी पाहुण्याला सांकेतिक उत्तर विचारतो. पाहुण्याने जितकी अक्षरं सांगितली, तितकीच अक्षरं तो आपल्या कागदाशी ताडून बघतो. पाहुणा पाच अक्षरं बोलला, पाच ताडली. आणि पाहुणा काहीच बोलला नाही तर? शून्य अक्षरं ताडायची, शून्य चुका सापडल्या, या आत. मुका पाहुणा सरळ घरात. आवृत्ती ६ पासून ११.६ पर्यंत, म्हणजे २०१० पासूनच्या यंत्रांत, सात वर्षं हे भोक होतं. संशोधकांनी त्याला एका सिनेमातल्या अबोल पात्राचं नाव दिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या संस्थांवर पाळत ठेवणारी एक टोळी चोरलेल्या फाइली याच मागच्या रस्त्याने हलवत होती. ते भोकही नव्हतं. आधीच आत शिरलेल्यांनी सोयीचा रस्ता वापरला. विंडोजचं कुंपण पुढच्या दारावर, आणि माल मागच्या दाराने. पुढच्या जानेवारीत फिनलंडच्या एफ-सिक्युअरने दाखवलं की लॅपटॉपपाशी अर्धा मिनिट मिळालं तरी पुरे. सुरू होताना कंट्रोल-पी दाबा, पासवर्ड विचारला की 'अ‍ॅडमिन' टाइप करा. कारखान्यातून तोच येतो, आणि तो कुणी बदललेला नसतो. बायोसला पासवर्ड घातलाय का, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

आणि खुद्द त्या छोट्या संगणकात काय चालतं, हे २०१७ पर्यंत फार थोड्यांना ठाऊक होतं. २०१५ नंतरच्या पिढीत ते मिनिक्स निघालं. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवायला लिहिलेली प्रणाली. वर्गातला धडा कोट्यवधी यंत्रांच्या पोटात जाऊन बसला, आणि मास्तरांना ते वर्तमानपत्रातून कळलं. त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. परवानगीची गरज नव्हती, पण एक शब्द सांगितला असता तर बरं वाटलं असतं, अशा सुरात. मास्तर मंडळी सगळीकडे सारखीच.

आता ती वही. शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली गुरुजींकडे असायची, आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली एक किल्ली-वही. किल्ली कुणी नेली, किती वाजता, का, परत कधी दिली. मुख्याध्यापकांनी नेली तरी लिहायचं. एकदा मी मागची पानं चाळली तर बहुतेक नोंदी त्यांच्याच. स्वतःची किल्ली स्वतः नेताना स्वतःच्याच वहीत सही. आम्ही हसायचो.

एएमटीमध्ये तशी वही आहे. कोण आलं, काय केलं, याची नोंद. आणि ती पुसायचा अधिकार व्यवस्थापकापासून वेगळा काढून तपासनिसाच्या हाती देता येतो. सांगावाही आहे. कुणी दुरून पडदा बघत असेल तर कडेने लाल-पिवळी चौकट चमकते. आणि हवं तर समोर बसलेल्याच्या पडद्यावर सहा आकडे येतात. त्याने ते फोनवर सांगितल्याशिवाय दूरच्याला आत येता येत नाही. फक्त ही संमतीची अट पूर्ण अधिकाराने बसवलेल्या यंत्रात काढूनही टाकता येते, आणि घाईतला इंजिनिअर पहिल्यांदा तीच काढतो. मीही काढलेली आहे. दर वेळी फोन कोण करणार? २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा आकडा सांगून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. तेव्हापासून गावातली म्हातारी माणसंसुद्धा फोनवर आकडा सांगायला कचरतात. पण ज्या रस्त्यात आकडा विचारलाच जात नाही, त्यावर कचरायला जागाच उरत नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. इथेच वडसा रोडवर माझ्या भाच्याचं केंद्र आहे. सातबारा, पॅन, धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, सगळं. त्याने नागपूरहून दोन जुने डेस्कटॉप आणले. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात, ते पुसूनबिसून विकायला येतात. मजबूत माल. मागच्या महिन्यात आलो तर एक उघडून बसलो. सुरू होताना कंट्रोल-पी दाबलं. 'अ‍ॅडमिन' टाइप केलं. नाही म्हणाला. म्हणजे कुणीतरी आधीच पासवर्ड घातला होता. हार्ड डिस्क कोरी, विंडोज नवं, वर भाच्याने गणपतीचं वॉलपेपर लावलेलं, आणि मागच्या दाराला कुलूप, ज्याची किल्ली पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी कचेरीत कुणाच्यातरी फाइलमध्ये. त्या माणसाला लाखांदूर कुठे आहे हेही ठाऊक नसेल.

भाचा घाबरला. "मामा, म्हंजे तो आपलं पाहू शकते का?" मी म्हटलं, बहुधा नाही, तुझ्या राउटरच्या भिंतीपलीकडून त्याची हाक इथवर येणार नाही. पण किल्ली त्याची आहे हे खरं. झाकण काढलं. बोर्डावर याच कामाची एक पिन-जोडी असते, तिच्यावरची टोपी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवली, सुरू केलं, बंद केलं, टोपी परत जागेवर. पुन्हा कंट्रोल-पी, 'अ‍ॅडमिन'. उघडलं, आणि लगेच नवा पासवर्ड मागितला: आठ अक्षरं, मोठं-लहान, एक आकडा, एक चिन्ह.

भाच्याने विचारलं, चालू ठेवायचं का? बँकेला मी हो म्हणतो, कारण तिथे पलीकडे पगारी माणूस आहे, त्याची वही तपासणारा दुसरा आहे. इथे पलीकडे कोण? मी नागपूरला, सत्तरीकडे झुकलेला. बंद कर म्हटलं. त्याने बंद केलं आणि पासवर्ड उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला, तारीख टाकून. मी सही केली.

तेवढ्यात बाहेर आभाळ गडगडलं. भाचा उठला, संगणक बंद केला आणि भिंतीवरचा मेन पाडला. मी टेबलामागे वाकून बघत होतो. हिरवा ठिपका एकदा लुकलुकला, आणि विझला.